मुरुडचा फंड आणि मास्तरांच्या हातातले पैसे

मुरुड म्हटले की बहुतेकांना जंजिरा किल्ला आठवतो. ते मुरुड रायगड जिल्ह्यातले. मी लिहिते आहे ते रत्नागिरी जिल्ह्यातल्या, दापोली तालुक्यातल्या मुरुडबद्दल. हर्णैच्या शेजारचे, नारळी-पोफळीच्या वाड्यांचे, दुर्गादेवीच्या देवळाचे हे गाव महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे म्हणून ओळखले जाते. कर्व्यांचे नाव निघाले की विधवाविवाह, हिंगण्याचा आश्रम आणि महिला विद्यापीठ आठवते. त्यांच्या सार्वजनिक कामाची सुरुवात मात्र गावच्या एका छोट्या फंडापासून झाली, हे फारसे कोणी सांगत नाही.

त्या काळी शाळेला पैसा कुठून येई, हे आधी पाहू. 1854च्या वुडच्या खलित्याने खासगी शाळांना सरकारी अनुदान देण्याचे धोरण आणले. 1860च्या दशकात मुंबई इलाख्यात जमीन महसुलावर रुपयामागे एक आणा लोकल फंड पट्टी बसली आणि तिचा तिसरा हिस्सा शिक्षणासाठी ठेवला गेला. म्हणजे गावची शाळा शेतकऱ्याच्या पैशावर चालत होती. तरी शेतकऱ्याचे मूल तिच्या बाहेरच राहत होते. जोतीराव फुल्यांनी 1882मध्ये हंटर आयोगापुढे नेमके हेच मांडले की कष्टकऱ्यांकडून गोळा केलेला पैसा वरच्या वर्गाच्या शिक्षणावर खर्च होतो. पैसा कोणाचा आणि खर्चाचा निर्णय कोणाचा, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

मुरुडच्या मराठी शाळेत शिकलेल्या धोंडूला सरकारी परीक्षा द्यायला साताऱ्यापर्यंत पायी जावे लागले. सुमारे शंभर मैलांची ती वाट, तीही घाट चढून. तिथे पोचल्यावर वय लहान दिसते म्हणून त्याला बसूच दिले नाही. इंग्रजी शिकायला पुढे रत्नागिरी आणि मुंबई गाठावी लागली. गावात हुशारी होती, पण तिला पुढची पायरी नव्हती.

मुंबईत शिकत-शिकवत असताना कर्व्यांनी गावच्या मंडळींना गोळा करून मुरुड फंड सुरू केला. कल्पना साधी होती. जो मुरुडकर बाहेर कमावतो, त्याने कमाईतला थोडा हिस्सा गावासाठी बाजूला ठेवायचा. एका शेठजीची मोठी देणगी मागण्याऐवजी अनेकांची छोटी वर्गणी जमवायची. गावात इंग्रजी शिकण्याची सोय व्हावी यासाठीही हा फंड कामी आला. सरकारी खात्यात ज्या गोष्टीला जागा नव्हती, ती गावाच्या पैशातून करून पाहता आली.

कोकणच्या वाचकाला ही रीत नवी वाटणार नाही. मुंबईच्या गिरणीतून मनिऑर्डर पाठवणारा चाकरमानी, बोटीवरचा खलाशी, दक्षिण आफ्रिकेत आणि पुढे आखातात गेलेला कोकणी मुसलमान, सगळ्यांनी हेच केले. कुठे देऊळ उभे राहिले, कुठे मशीद, कुठे मदरसा, कुठे शाळेची खोली. शिक्षणासाठी पुढे येण्याची परंपरा तर कर्व्यांच्याही आधीची आहे. मुन्शी मुहम्मद इब्राहीम मकबा या कोकणी मुसलमान विद्वानाने 1823मध्ये हिंदुस्थानी भाषेचे व्याकरण लिहिले आणि पुढे मुंबईच्या शिक्षण मंडळावर जगन्नाथ शंकरशेट यांच्या बरोबरीने काम केले. 1874मध्ये बद्रुद्दीन आणि कमरुद्दीन तय्यबजी यांच्यासोबत अंजुमन-ए-इस्लाम उभी करणाऱ्यांत नाखुदा मुहम्मद अली रोगे हे कोकणी व्यापारी होते. एकाच किनाऱ्यावरच्या दोन समाजांची ही एकच सवय. आपण मात्र त्यांचा इतिहास दोन वेगळ्या कप्प्यांत ठेवतो.

पण फंडाची एक कडू बाजूही आहे. 1893मध्ये कर्व्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या गोदूबाई या विधवेशी लग्न केले. मुरुडच्या जातभाईंनी त्यांना वाळीत टाकले. त्यांना घरात घेतले तर आई-भावावरही बहिष्कार पडेल, अशी वेळ आणली. ज्या माणसाने गावासाठी पैसा गोळा केला, त्यालाच गावात पाऊल ठेवणे अवघड झाले. गावाचा पैसा एकत्र येतो तेव्हा गावाचे पूर्वग्रहही त्याच पेटीत येतात. जमातीच्या फंडांनाही हे लागू आहे. मुलींच्या शिक्षणाचा विषय निघाला की तिजोरीची चावी सापडेनाशी होते, हे आपण पाहिलेले आहे.

मोठ्या देणगीच्याही अटी असतात. 1920मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी महिला विद्यापीठाला 15 लाख रुपये दिले आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचे, नाथीबाईंचे नाव लागले. त्या पैशाने संस्था टिकली, हे खरेच. तरीही 1936मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, कर्वे परत छोट्या वर्गणीकडेच वळले. ज्या खेड्यांत लोकल बोर्डाची शाळा नाही, तिथे शाळा काढण्यासाठी त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापले. ज्या गावाने दार लावले, तशाच गावांसाठी ते म्हातारपणी पुन्हा हिंडले.

हे सगळे आज का सांगायचे? सर्व शिक्षा अभियानात एक बाब होती: शिक्षक अनुदान, प्रत्येक शिक्षकाला वर्षाला 500 रुपये. रक्कम हसण्यासारखी, पण निर्णय शिक्षकाचा. त्यातून कार्डशीट, रंग, सुतळी आणून आम्ही बाहुल्या केल्या, उर्दू-मराठी शब्दांचे तक्ते केले. एका भिंतीवर उजवीकडून डावीकडे जाणारी ओळ आणि तिच्याखाली डावीकडून उजवीकडे जाणारी ओळ. मुले दोन्ही लिप्या एकाच वेळी वाचायला लागली. 2018पासून समग्र शिक्षेत शाळेला पटानुसार एकत्रित अनुदान मिळते. तीसपर्यंत पट असेल तर वर्षाला 10,000 रुपये. त्यात वीजबिल, दुरुस्ती, साफसफाई आणि उरलेच तर बाहुल्या. ते उरत नाही.

गावे आजही शाळेला देतात. कमान देतात, पंखे देतात, पंख्यावर नाव घालतात. त्याबद्दल तक्रार नाही. पण वर्गातल्या एखाद्या नव्या कल्पनेसाठी हजार-दोन हजार रुपये बाजूला ठेवणारा फंड किती गावांत आहे? नाटक बसवायचे, मुलांकडून गावाचा इतिहास लिहून घ्यायचा, आजीच्या ओव्या आणि नानीच्या गोष्टी एका वहीत आणायच्या, यासाठी इमारत लागत नाही. लागतो तो थोडा पैसा आणि मास्तरांवर, बाईंवर भरवसा.

त्यासाठी मुरुड फंडाची रीत पुरेशी आहे, फक्त दोन दुरुस्त्या हव्यात. वर्गणी सगळ्या मोहल्ल्यांची आणि सगळ्या वाड्यांची असावी. आणि काय शिकवायचे, कोणाला शिकवायचे, यावर वर्गणीदाराचा हक्क नसावा. कर्व्यांना वाळीत टाकणाऱ्या गावाकडे तेवढेच कमी पडले होते.