म्हातारपणाची सोय : थोडा इतिहास

१७६० साली उदगीरच्या लढाईनंतर बुऱ्हाणपूर मराठ्यांकडे आले आणि आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज पुढच्या काळात तापीकाठी स्थिरावले. त्या घरांत म्हातारे माणूस ओसरीवर असे आणि त्याची पेज वेळेवर होते की नाही हे सुना पाहत. (सुनांना कोणी विचारले नाही, हा भाग वेगळा.)

ज्यांना घरच नव्हते अशा अनाथ-पंगूंसाठी पुण्यात १८६३ साली डेव्हिड ससून यांच्या दानातून संस्था उभी राहिली. आज तिला ‘निवारा’ म्हणतात. काम मोठे, पण ती दानधर्माची व्यवस्था होती. दान घेणारा तक्रार कुठे करणार?

हक्क सावकाश आला. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने मुलांवर, आणि मुलींवरही, आईवडिलांच्या पोटगीची जबाबदारी टाकली. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम १२५ मध्ये आईवडील आले. तरी प्रश्न पैशांचाच राहिला. संस्थेत माणसाला ठेवतात कसे, हे देशाने खडबडून विचारले ते ६ ऑगस्ट २००१ नंतर. त्या पहाटे तमिळनाडूत एरवाडी येथे मनोरुग्णांच्या खासगी आश्रमाला आग लागली. झावळ्यांचे छप्पर, आणि माणसे साखळीने बांधलेली. २८ जण गेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळीला मनाई केली आणि अशा संस्थांना नोंदणी सक्तीची केली.

वृद्धांसाठी २००७ चा कायदा आहे. उपविभागीय अधिकाऱ्याच्या दर्जाचे न्यायाधिकरण, पोटगी महिना १०,००० रुपयांपर्यंत, वृद्धाला वाऱ्यावर सोडणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कलम १९ म्हणते, प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांसाठी वृद्धाश्रम शासन ‘स्थापू शकेल’. ‘स्थापील’ नव्हे. या दोन क्रियापदांत किती फायली मावतात, ते आम्हा सरकारी नोकरांना कोणी सांगायला नको. तिथल्या औषधोपचाराचे आणि सोयींचे मापदंड ठरवणेही राज्यांवर सोडले आहे. खासगी वृद्धाश्रमांची नोंदणी आणि किमान दर्जा यांसाठी २०१९ मध्ये दुरुस्ती विधेयक आले. ते मंजूर न होताच लोकसभेची मुदत संपली.

आता आपली मुले पुण्याला, इंदूरला, मागे दोघेच. उद्या वृद्धाश्रम पाहायला जाल तेव्हा बाग आणि देवघर पाहाच, पण आधी विचारा : रात्री कोण असते? औषधे कोण देते, आणि लिहून ठेवते का? न्हाणीत धरायला दांडा आहे का? न कळवता भेटायला येता येते का? रात्री बाहेरच्या दाराला कुलूप असेल, तर किल्ली कोणाजवळ?

आणि एक : न्यायाधिकरणाकडे स्वतः अर्ज करणे ज्यांना झेपत नाही, त्यांच्या वतीने त्यांनी अधिकार दिलेली व्यक्ती किंवा नोंदणीकृत संस्था अर्ज करू शकते. मंडळाच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा, असे आम्ही सुचवतो.