मानोऱ्याकडचे आजोळ

लेकीने लेकरू घेऊन माहेरी यावे आणि त्या लेकराला आजी-आजोबांचा, मामाचा लळा लागावा, यातून आजोळ घडते. 1998 मध्ये अकोल्यातून वेगळ्या झालेल्या वाशीम जिल्ह्यातील मानोरा तालुका कापूस, तूर आणि ज्वारी पिकवणारा. इथल्या आजोळाचे वेळापत्रक आधी शेतीने ठरवले, पुढे एसटीने आणि शाळेने.

जुन्या काळी सासरी गेलेली मुलगी स्वतःच लहान असे. 1929 च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय 14 ठरवले. ते 18 झाले 1978 मध्ये. अशा मुलीला एकटीने माहेरी निघता येत नसे. तिला न्यायला भाऊ किंवा बाप येई. तो मुराळी. सासरच्यांनी होकार दिला की लेक निघे; नाही दिला तर मुराळी रिकाम्या हाताने परते. जात्यावरच्या ओव्यांमध्ये भावाची वाट पाहणे इतके येते, त्यामागे ही अडचण आहे.

पहिले बाळंतपण माहेरी करण्याच्या रिवाजाने चित्र पालटले. लेकराचा जन्मच आजोळी होऊ लागला आणि त्याचे जावळ मामाच्या मांडीवर उतरे. अंगडे-टोपडे आणि पाळणा आजोळचा. बाळंतीण सासरी परतली, तरी लेकराच्या निमित्ताने तिची माहेरची वाट मोकळी राहिली.

ही वाट चालण्याचा खरा हंगाम चैत्र-वैशाखाचा. दिवाळीपासून कापसाची वेचणी, मग तुरीची सोंगणी आणि मळणी. ती उरकली की मृग लागेपर्यंत बैल मोकळे असत, म्हणून लेकीला आणायला रेंगी किंवा दमणी जुंपता येई. मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद रुळांची गाडी कारंजा आणि दारव्ह्यावरून गेली. मानोऱ्याला रूळ आले नाहीत. माडगूळकरांच्या बालगीतामुळे मामाचा गाव आणि अगीनगाडी मराठी मुलांच्या मनात एकत्र आले, पण या भागातल्या मुलांना आजोळाला नेले ते बैलगाडीने आणि नंतर एसटीने.

गाडी दारी थांबली की आत शिरायची घाई नसे. आजी तांब्याभर पाणी आणि भाकरीचा तुकडा घेऊन बाहेर येई. मायलेकरांवरून तुकडा ओवाळून टाकी, पायांवर पाणी घाली, लेकराच्या डोळ्यांना पाणी लावी. मगच उंबरा ओलांडायचा. पुढचे दिवस आमरस आणि कुरडयांचे, खापरावरच्या पुरणाच्या मांड्यांचे. दिवसभर उन्हाचा ताव, म्हणून रात्री अंगणात बाजा टाकून सगळे झोपत. आजोबाला, म्हणजे इकडच्या आबाजीला, गोष्टी सांगायला तेव्हाच सवड मिळे.

माहेरी आलेल्या लेकीला या मुलखाने देवीचेही रूप दिले. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत विदर्भात भुलाबाई बसते. ती माहेरी आलेली पार्वती. सोबत भुलोबा असतो आणि मांडीवर लहानगा गणोबा. मुली रोज संध्याकाळी तिची गाणी म्हणतात आणि शेवटी झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायला लावतात. तालुक्यात बंजारा समाज मोठा आहे. त्याच्या ढावलो गीतांत माहेर सोडणाऱ्या वधूचा आकांत आहे. रामनवमीला तालुक्यातल्याच पोहरादेवीत या समाजाचे संत सेवालाल महाराज यांच्या समाधीला लोटणाऱ्या यात्रेत लेकी-जावई आणि नातवंडे माहेरच्या माणसांना भेटतात.

1956 च्या राज्य पुनर्रचनेनंतर विदर्भात एसटीचे जाळे पसरले आणि मुराळ्याची गरज हळूहळू संपली. पाच वर्षांखालचे लेकरू फुकट, बारापर्यंत अर्धे तिकीट. आई एकटीने मुले घेऊन येऊ लागली. मुले शाळेत जाऊ लागल्यावर मुक्काम सुट्टीत बसवावा लागला. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, पुण्या-मुंबईकडच्या महिन्याच्या मध्यालाच. त्यामुळे शहरातली नातवंडे आधी परततात आणि गावातली मामेभावंडे आणखी काही दिवस सुट्टीत राहतात.

निरोपाच्या वेळी लेकीची ओटी भरायची, साडी-चोळी द्यायची, पिशवीत तुरीची डाळ, शेवया आणि लोणच्याची बरणी ठेवायची, नातवंडाच्या मुठीत नोट द्यायची. ही माया होती आणि हिस्साही. वडिलोपार्जित शेतीत लेकीला वाटा मिळत नव्हता, तेव्हा माहेरचा तिचा हक्क या शिदोरीतच दिसे. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका वाटा महाराष्ट्राने 1994 मध्ये दिला, केंद्राने 2005 मध्ये. कायद्याने हिस्सा दिला तरी शिदोरी थांबली नाही.

आता 2022 पासून 75 वर्षांवरील आजी-आजोबांना एसटीचा प्रवास मोफत आहे आणि 2023 पासून महिलांना अर्धे तिकीट. म्हणून कधी लेक गावी येते, तर कधी आजीच डाळीची पिशवी घेऊन नातवाकडे निघते.