दोन खोक्यांतील आरमार

'स्टार ट्रेक' ही अंतराळप्रवासाची कल्पित मालिका अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर १९६६ साली सुरू झाली. तिच्यातील 'एंटरप्राइज' या तारानौकेचे रूप मॅट जेफरीज या कलादिग्दर्शकाने सिद्ध केले होते : पुढे एक भव्य तबकडी, तिच्याखाली मानेने जोडलेले धड, आणि धडातून वर निघालेल्या दोन दांड्यांवर दोन लांबट नळकांडी, म्हणजे इंजिने. चित्रीकरणासाठी बनवलेली अकरा फुटांहून लांब प्रतिकृती पुढे वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या हवाई व अंतराळ संग्रहालयात गेली. परंतु आमचा विषय ती थोरली नौका नव्हे. तिची धाकटी, बाजारात मिळणारी बहीण होय.

मालिकेच्या दुसऱ्या वर्षी, १९६७ च्या ऑक्टोबरात दाखवलेल्या एका कथेत त्याच जातीची एक उद्ध्वस्त नौका हवी होती. दुसरी अकरा फुटी प्रतिकृती करणे खर्चात बसणारे नव्हते. ज्यांनी मंजूर रकमेत काम उरकण्याचा अनुभव घेतला आहे, त्या आमच्या वाचकांस पुढचे सांगावयास नको. एएमटी या खेळण्यांच्या कंपनीने एंटरप्राइजचा प्लास्टिकचा जोडसंच विक्रीस काढला होता. तोच जोडला गेला, ठिकठिकाणी मोडला गेला, डागला गेला, आणि 'कॉन्स्टेलेशन' नावाने कॅमेऱ्यापुढे आला. क्रमांकाचे काय करावयाचे? खोक्यात पाण्यात भिजवून चिकटवण्याचे जे आकडे होते, ते १७०१ चे. तेच उलटसुलट करून १०१७ करण्यात आले.

या चार आकड्यांनी पुढे मोठा घोळ घातला. एंटरप्राइजच्याच जातीची नौका, मग तिचा क्रमांक जवळजवळ सातशेंनी मागे कसा? मालिकेचे चाहते या प्रश्नाला अशा निष्ठेने भिडले की, शिलालेखातील शकाचा मेळ बसवणाऱ्या संशोधकाची आठवण व्हावी. नौका मूळ जुन्या वर्गाची असून मागाहून नव्या धर्तीवर पुन्हा बांधली गेली असावी, असा एक पक्ष मांडला गेला. खोक्यात दुसरे आकडे नव्हते, हे खरे कारण त्यांस ठाऊक नव्हते असे नाही. ते पुरेसे वाटत नव्हते, एवढेच.

सुट्या भागांच्या अशा फेरजुळणीला 'किटबॅशिंग' असे नाव आहे. हा शब्द खेळण्यांतील आगगाड्यांच्या हौशी मंडळींनी रूढ केला. दोन संचांतील भिंती व छपरे कापून ते तिसरेच स्थानक उभे करीत. चित्रपटाच्या कारखान्यांनीही हे तंत्र उचलले. इंग्लंडमध्ये डेरेक मेडिंग्ज यांनी १९६५ च्या 'थंडरबर्ड्‌स'साठी, स्टॅन्ली क्युब्रिक यांच्या मंडळींनी १९६८ च्या '२००१'साठी, आणि 'स्टार वॉर्स'च्या कारागिरांनी १९७७ पूर्वी रणगाडे, विमाने व जहाजे यांच्या संचांतील बारीकसारीक तुकडे घेऊन तारानौकांचे पृष्ठभाग मढवले. ते काम देखणे खरेच. तथापि तेथे रणगाड्याचा तुकडा आपली ओळख विसरून नुसती नक्षी होतो. एंटरप्राइजच्या भक्तांचे काम निराळे होते. त्यांनी तुकडे घेतले नाहीत, अवयव घेतले. आणि प्रत्येक अवयव ओळखू यावा अशी त्यांची अट होती. दिवाळीच्या किल्ल्यावर मुले तेच मावळे दरसाल नव्या बुरुजांवर मांडतात, आणि तरी तो नवा किल्ला ठरतो, तसे काहीसे हे होय.

या खटाटोपास शास्त्राचे रूप दिले ते फ्रांझ जोसेफ या नावाने लिहिणाऱ्या एका आरेखकाने. विमानांच्या कारखान्यात आराखडे काढण्यात त्याचे आयुष्य गेले होते. आपल्या मुलीचा व तिच्या स्नेह्यांचा 'स्टार ट्रेक'चा छंद पाहून १९७३ च्या सुमारास त्याने त्यातील वस्तूंची मोजूनमापून चित्रे काढण्यास प्रारंभ केला. १९७५ साली त्याचे एंटरप्राइजचे बारा आराखडे आणि 'स्टार फ्लीट टेक्निकल मॅन्युअल' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. पडद्यावर एकाच जातीची नौका दिसत होती. त्याने आरमार दिले. तबकडी आणि तिच्याखाली एकच इंजिन, ही विनाशिका. तीच रचना टेहळणी नौकेची. तबकडी, दोन इंजिने आणि खाली अडकवलेला मालाचा डबा, ही मालवाहू. धड, तबकडी आणि तीन इंजिने, ही महायुद्धनौका.

यातील मौज अंकगणिताची आहे. हौशी माणसाने दोन खोकी विकत घ्यावीत. त्यांत दोन तबकड्या, दोन धडे व चार इंजिने. एक तबकडी, एक धड व तीन इंजिने महायुद्धनौकेस गेली. उरली एक तबकडी व एक इंजिन. म्हणजे नेमकी विनाशिका! मागे राहते ते एक अनाथ धड, आणि त्याचे काय करावे या विवंचनेतून पुढच्या नौकेचा जन्म होतो. मूळ आराखड्यातील महायुद्धनौकेचे प्रमाण थोडे निराळे आहे, परंतु जेवणाच्या मेजावर कानस घेऊन बसलेला माणूस तेवढे चालवून घेतो. कामही सोपे नव्हे. या प्लास्टिकचा चिकटद्राव दोन्ही कडा विरघळवून त्या एकजीव करतो. चुकीच्या जागी बसलेले इंजिन सुटे होत नाही, ते कापावेच लागते.

आता वादाचा भाग. १९७९ च्या पहिल्या चित्रपटात संदेशांच्या गलबल्यातून जोसेफच्या नौकांची नावे ऐकू आली, आणि १९८२ च्या दुसऱ्या चित्रपटात त्याच्या पुस्तकातील आकृत्या पडद्यावर झळकल्या. त्याच चित्रपटातील 'रिलायंट' नौका हेच अवयव खालीवर करून घडवली होती. लढाईत प्रेक्षकांस दोन नौका वेगळ्या ओळखू याव्यात म्हणून इंजिने तबकडीखाली गेली. पण पुढे मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी यांच्या नावाने एक दंडक सांगितला जाऊ लागला : इंजिने जोडीनेच असली पाहिजेत. या एका वाक्याने जोसेफची एक इंजिनाची विनाशिका आणि तीन इंजिनांची महायुद्धनौका दोन्ही बेकायदा ठरल्या. कल्पिलेल्या जगाचा कायदा करण्याचा अधिकार त्याच्या जनकाचा, हे आम्हांस मान्य आहे. परंतु ज्या घरांत या नौका वर्षानुवर्षे फळीवर उभ्या होत्या, तेथे तो हुकूम कोण बजावणार?

घडले ते असे. १९९० साली एका महायुद्धानंतरची भग्न नौकांची रास दाखवण्याचा प्रसंग आला, तेव्हा कारखान्यातील मंडळींनी चाहत्यांप्रमाणेच बाजारातील संच फोडले. काही ठिकाणी तर ओळी रंगवण्याच्या जाड लेखण्या नौकांना जोडल्या. १९९७ मध्ये 'डीप स्पेस नाइन'च्या युद्धकथेसाठी पुन्हा तेच. रॉडनबेरी १९९१ साली निवर्तले होते. १९९४ साली दुसऱ्या मालिकेच्या अखेरच्या कथेत भविष्यकाळातील एंटरप्राइज अवतरली, ती तीन इंजिने घेऊन. आणि २००९ चा चित्रपट ज्या 'केल्विन' नौकेने उघडतो, तिला इंजिन एकच आहे. 'केल्विन' पाहावयास जोसेफ उरला नव्हता. १९९४ सालीच तो वारला.

कॉन्स्टेलेशनची हकीकत मात्र अपुरी राहिली. मूळ मालिकेतील अंतराळदृश्ये २००६ पासून संगणकाच्या साहाय्याने नव्याने करण्यात आली. त्यांत प्लास्टिकची ती डागलेली नौका गेली, आणि तिच्या जागी रेखीव अशी नवी आली. या वेळी खोक्यातील आकड्यांची अडचण नव्हती. हवा तो क्रमांक घालता आला असता. तबकडीवर १०१७ हाच ठेवण्यात आला.