वर्तनवाद आणि शास्त्रज्ञांची वाणी

प्रयोगशाळेत भक्कम ठरलेला, पण लोकांच्या मनात संशयच जागवणारा विचार म्हणून वर्तनवादाचा इतिहास लक्षणीय आहे, आणि या संशयाची काही कारणे सिद्धांताबरोबरच तो मांडणाऱ्यांच्या वाणीतही आढळतात. मनाच्या व्यापारांऐवजी दिसणाऱ्या व मोजता येणाऱ्या वर्तनाचाच अभ्यास करावा, ही भूमिका अमेरिकेत जॉन वॉटसन यांनी १९१३ मध्ये मांडली, तेव्हाच वर्तनाचे भाकीत आणि नियंत्रण हे तिचे उद्दिष्ट म्हणून जाहीर केले. पुढे त्यांनी, डझनभर सुदृढ अर्भके हाती दिल्यास त्यांतील कोणालाही वैद्य, वकील किंवा चोर बनवता येईल, असा दावा केला. आपण पुराव्याच्या पुढे जात आहोत, ही त्यालाच जोडलेली कबुली मात्र पुढे बहुधा गाळली गेली.

पुढचे प्रमुख वर्तनवादी बी. एफ. स्किनर यांनी आपल्या मुलीसाठी काचेची खिडकी असलेला, उबदार हवेचा पाळणा बनवला, तर १९४५ मध्ये ‘लेडीज होम जर्नल’ने त्यावरील लेखाला पेटीतल्या बाळाचा मथळा दिला, आणि त्यांच्या उंदरांच्या प्रयोगपेटीशी त्या पाळण्याची सांगड सहज घातली गेली. १९७१ च्या ग्रंथात स्वातंत्र्य व प्रतिष्ठा या कल्पनांनाच त्यांनी आव्हान दिल्यावर वादळ उठले, आणि १९७४ मध्ये वर्तनवादाविषयीच्या वीस गैरसमजांची यादी देऊनच त्यांना नव्या पुस्तकाची सुरुवात करावी लागली.

भाषेचा हा परिणाम १९७७ मध्ये वुलफोक दांपत्य व विल्सन या मानसशास्त्रज्ञांनी तपासला. प्रबलन, म्हणजे इष्ट वर्तनानंतर शाबासकी किंवा बक्षीस देऊन ते पुन्हा घडण्याची शक्यता वाढवणे, या तंत्राने शिकवणाऱ्या शिक्षिकेची एकच चित्रफीत त्यांनी दोन गटांना दाखवली. ‘वर्तन-परिवर्तन’ असे नाव ऐकलेल्यांना ती शिक्षिका आणि तिची पद्धत, ‘मानवतावादी शिक्षण’ असे ऐकलेल्यांच्या तुलनेत कमी पसंत पडली.

महाराष्ट्रात विद्यापीठीय पुस्तकांनी अभिसंधान (कंडिशनिंग), प्रबलन अशी संस्कृतप्रचुर परिभाषा स्वीकारली. मुलाला वळण लावणे किंवा सवय मोडणे हे पनवेलच्या पालकाचे रोजचे शब्द त्या परिभाषेपासून दूरच राहिले. याउलट, वर्तनवादाहून वेगळी, तरी प्रत्यक्ष वर्तनबदलाचा आग्रह धरणारी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठी माणसाला परिचित करून दिली आणि डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ठाण्यात १९९० मध्ये स्थापन झालेल्या मानसिक आरोग्य संस्थेतून ती बोली मराठीत मांडली.

तरीही गोड नावाने काम भागत नाही, कारण १९७७ च्या प्रयोगाचा उलट अर्थ असा की, शोभिवंत नावाखाली अनिष्ट तंत्रही खपू शकते. म्हणून काय केले जाणार, कोणाच्या हितासाठी आणि नकार देण्याची मुभा कोणाला, हे साध्या शब्दांत सांगणे हे शास्त्रज्ञाचे शास्त्रीय कर्तव्यच ठरते.