गेलेल्या कामाची भरपाई

इसवी सन १८८६ मध्ये जमशेटजी टाटा यांनी कुर्ल्याची धरमसी गिरणी विकत घेतली आणि तिला ‘स्वदेशी’ हे नाव दिले. कुर्ला त्या काळी मुंबई शहराबाहेरचे, साष्टीतील गाव होते. मँचेस्टरच्या तोडीचे सूत याच देशात निघावे, असा त्या नावामागील संकल्प होता. परंतु पुढे मुंबईच्या गिरण्यांना जबर हादरा बसला तो जपानकडून. आणि परदेशी मालामुळे ज्याचे काम जाते त्याला सरकारने काय द्यावे, हा प्रश्न तेव्हापासून मुंबईच्या मजुरापुढे उभा आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईचे सूत मोठ्या प्रमाणावर चीनमध्ये खपत असे. ती पेठ हळूहळू जपानी गिरण्यांनी काबीज केली, आणि पहिल्या महायुद्धानंतर जपानी कापड हिंदुस्थानच्या बाजारातही येऊन थडकले. डिसेंबर १९३१ मध्ये जपानने सुवर्णपरिमाण सोडले. येन उतरला व ते कापड अधिकच स्वस्त झाले. सरकारने जकातीचा बांध घातला. १९३० च्या कायद्याने ब्रिटिश कापडावर शेकडा १५ व इतर परदेशी कापडावर शेकडा २० जकात होती. ब्रिटिशेतर मालावरील ही जकात ऑगस्ट १९३२ मध्ये ५० व जून १९३३ मध्ये ७५ झाली. जपानी गिरण्यांनी उलट हिंदी कापसावर बहिष्कार टाकला. अखेर १९३४ च्या करारात ठरले की, जकात ५० वर यावी, आणि जपानने वर्षाला १० लाख गासड्या कापूस घेतल्यास त्याला ३२.५ कोटी वार कापड येथे पाठविता यावे.

या व्यवहारात गिरणीमालकाचा विचार झाला, कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्याचा झाला. मागावर उभ्या असलेल्या माणसासाठी मात्र त्यात काहीच नव्हते. त्याच सुमारास मुंबईत गिरण्या बंद पडत होत्या, पगार कापले जात होते, आणि एप्रिल १९३४ मध्ये सार्वत्रिक संप पुकारला गेला. बेकारीच्या विम्याची सूचना व्हिटले कमिशनने १९३१ च्या अहवालात अव्यवहार्य ठरविलेली होती. मजुराचे गावाशी असलेले नाते हाच त्याचा आधार असून तो टिकवावा, असा कमिशनचा कल होता. परंतु ज्या जमिनीत पोट भरत नाही म्हणून कोकणातला माणूस मुंबईची वाट धरीत असे, तीच जमीन त्याचा विमा कशी ठरावी?

स्वातंत्र्यानंतर हे चित्र पालटू लागले. औद्योगिक कलह कायद्याला १९५३ मध्ये जोड मिळाली आणि कपात झालेल्या कामगारास नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार देणे मालकावर बंधनकारक झाले. काम कशामुळे गेले, हे हा कायदा विचारीत नसे. अमेरिकेने १९६२ मध्ये याहून वेगळा मार्ग धरला. तेथे परदेशी आयातीमुळे काम गेल्याचे सिद्ध झाल्यास सरकार भत्ता व नव्या कामाचे शिक्षण देई. त्या योजनेची मुदत २०२२ मध्ये संपली.

दरम्यान मुंबईची हद्द १९५७ मध्ये मुलुंड व दहिसरपर्यंत पोहोचली होती. घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यात आग्रा रस्त्याच्या कडेने यंत्रांचे, औषधांचे व रसायनांचे कारखाने उभे राहिले. १९७३ मध्ये अंधेरीस ‘सीप्झ’ हे निर्यातक्षेत्र स्थापन झाले आणि परदेशांत खपणारी विद्युत्कण उपकरणे तेथे बनू लागली. अमेरिकेतील मजूर ज्याला परदेशी उत्पादन म्हणे, ते अशा रीतीने अंधेरीच्या दारात आले होते.

१९८२ च्या संपानंतर, १९८६ मध्ये, कायमच्या बंद झालेल्या गिरण्यांतील कामगारांसाठी केंद्र सरकारने पुनर्वसन निधी काढला. त्यातून पहिल्या वर्षी पगाराच्या शेकडा ७५, दुसऱ्या वर्षी ५० व तिसऱ्या वर्षी २५ इतके साहाय्य मिळे. १९९१ नंतर आयातीचे दरवाजे उघडले. १९९२ च्या राष्ट्रीय नूतनीकरण निधीने नवशिक्षणाचे वचन दिले. परंतु त्यातील बहुतेक पैसा केंद्राच्या उद्योगांतील स्वेच्छानिवृत्तीवर गेला. आग्रा रस्त्यावरील खाजगी कारखान्यांच्या जागी एकामागून एक इमले व बाजारगाळे आले. २००५ मध्ये राज्य विमा योजनेतून बेकारी भत्ता सुरू झाला, पण तो विमा उतरलेल्यांपुरताच.

संसदेने २०२० मध्ये संमत केलेल्या औद्योगिक संबंध संहितेत कपात झालेल्या कामगाराच्या नवशिक्षणासाठी मालकाने १५ दिवसांचा पगार निधीत भरावा, अशी तरतूद आहे. १९५३ चे १५ दिवस वर्षागणिक होते व त्यांनी झालेल्या सेवेचे मोल केले; २०२० चे १५ दिवस एकदाच मिळणारे असून ते पुढील कामासाठी आहेत. पन्नाशीला आलेल्या कारागिराला १५ दिवसांच्या पगारात दुसरी विद्या कितपत साधेल, हे सांगावयास नको. तथापि १९३४ मध्ये जो माणूस हिशेबातच नव्हता, त्याच्या उद्याची नोंद कायद्याने अखेर घेतली आहे. त्या नोंदीपुढे पुरेसा आकडा लिहिला जावा, एवढेच उरले आहे.