श्रुतीचा प्रश्न आणि विद्युत्-वाद्ये : हार्मोनियम ते मोबाइल अ‍ॅप, महाराष्ट्राचा अनुभव

प्रस्तावना

अहिल्यानगर (२०२४ पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात चैत्र-वैशाखात गावोगावी जत्रा भरतात आणि तमाशाचे फड उभे राहतात. ढोलकी, हलगी, तुणतुणे आणि पेटी हा तमाशाचा परंपरागत वाद्यमेळ होय. आज त्याच्या जोडीला कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड ही विद्युत्-वाद्ये आलेली आहेत. लग्नातील ऑर्केस्ट्रा, गणेशोत्सवातील बँजो पार्टी आणि भजनी मंडळे यांचीही स्थिती थोड्याफार फरकाने अशीच आहे. या बदलाकडे ‘परंपरेचा ऱ्हास’ किंवा ‘काळाची गरज’ अशा दोन ठरावीक दृष्टींनी पाहिले जाते. या दोन्ही दृष्टींतून एक मूलभूत प्रश्न सुटून जातो. वाद्यातील स्वर कोणी ठरवायचा, वाजविणाऱ्याने की वाद्य तयार करणाऱ्याने? हा प्रश्न महाराष्ट्रात सिंथेसायझर येण्याच्या कितीतरी आधी, हार्मोनियमच्या निमित्ताने उपस्थित झाला होता. विद्युत्-वाद्यांचा येथील इतिहास त्या जुन्या वादाचा पुढील अध्याय आहे, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य आहे.

१. पेटीचा वाद : पूर्वपीठिका

हार्मोनियमचे सप्तक बारा समान भागांत विभागलेले असते. लगतच्या दोन स्वरांमधील अंतर शंभर ‘सेंट’ मानले, तर पेटीतील शुद्ध गांधार षड्जापासून ४०० सेंटवर येतो. तंबोऱ्याच्या तारेतून आपोआप उमटणारा गांधार मात्र सुमारे ३८६ सेंटवर असतो. कोमल गांधाराची नैसर्गिक जागा सुमारे ३१६ सेंट आहे. पेटीत तो ३०० वर बसतो. पंचमातील फरक अवघा दोन सेंटचा असल्याने तो कानाला खटकत नाही, परंतु गांधार, धैवत आणि निषाद यांतील फरक तयार कानाला निश्चित जाणवतो. शिवाय पेटीवर एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर घसरत जाणारी मींड काढता येत नाही.

या उणिवेवर शास्त्रीय उपाय शोधण्याचा पहिला महत्त्वाचा प्रयत्न सांगलीत झाला. निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींवरील आपला इंग्रजी ग्रंथ १९१० मध्ये प्रसिद्ध केला. भारतीय सनदी सेवेतील न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमेंट्स यांनी त्यांच्या कार्याला साथ दिली, तर उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या गायनाचा आधार श्रुतींच्या मापनासाठी घेण्यात आला. या परिश्रमांतून श्रुति-हार्मोनियम तयार झाली. १९१६ मध्ये बडोद्यात भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत तिच्यावर चर्चा झाली. परंतु ती सर्वमान्य झाली नाही. प्राचीन ग्रंथांतील श्रुती गणिताने कायमच्या निश्चित करता येतात, हा विचार पं. विष्णु नारायण भातखंडे यांना मान्य नव्हता.

पुढे १९४० मध्ये आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली. ती शिथिल होण्यास १९७१ साल उजाडले. मराठी संगीतव्यवहार मात्र या बंदीने थांबला नाही. ‘मानापमान’ (१९११) या नाटकाला संगीत देणारे गोविंदराव टेंबे यांच्यापासून पं. गोविंदराव पटवर्धन, पं. अप्पा जळगावकर आणि पं. तुळशीदास बोरकर यांच्यापर्यंत श्रेष्ठ हार्मोनियमवादकांची परंपरा येथेच बहरली. पेटीत नसलेल्या मींडेचा आभास त्यांनी बोटांच्या लगावाने व भात्याच्या नियंत्रणाने निर्माण केला. सारांश, वाद्याची मर्यादा ओळखून कलावंताने तिच्यावर मात करणे, हा या परंपरेचा पहिला धडा होता.

२. मूगचे आगमन

अमेरिकन अभियंते रॉबर्ट मूग यांनी १९६४ मध्ये आपल्या सिंथेसायझरचे प्रारंभिक रूप सिद्ध केले. ध्वनी विद्युत्-दाबाने नियंत्रित करणे हे त्यामागील तत्त्व होते. दाब वाढला की स्वर चढतो, उतरला की उतरतो. दाब हळूहळू बदलल्यास स्वरही अखंड सरकत जातो. म्हणजेच हार्मोनियमच्या धातूच्या पत्तीला जे अशक्य होते, ते या यंत्राच्या स्वभावातच होते. त्याला पियानोसारख्या पट्ट्या जोडल्या गेल्या, त्या वादकांच्या सोयीसाठी.

पश्चिम भारतात हे यंत्र प्रथम अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत पोहोचले. १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तेथे मूग यंत्रणा उभी केली. गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा आणि जिनराज जोशीपुरा यांनी १९७२ पर्यंत तिच्यावर प्रयोग केले. त्या ध्वनिफिती संस्थेच्या संग्रहात दीर्घकाळ पडून होत्या. ब्रिटिश कलावंत पॉल पर्गस यांनी त्यांचा शोध घेतल्यानंतर २०२३ मध्ये त्यांतील निवडक रचना प्रकाशित झाल्या. संस्थेने फिती जपल्या नसत्या, तर भारतीय इलेक्ट्रॉनिक संगीताचा हा आरंभ इतिहासाला अज्ञातच राहिला असता.

मुंबईत सिंथेसायझरचा प्रवेश चित्रपटसंगीताच्या मार्गाने झाला. १९७०च्या दशकात हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात मूग रुजविणाऱ्यांमध्ये केरसी लॉर्ड (१९३५–२०१६) यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. १९७०च्या सुमारास बाजारात आलेल्या मिनिमूगमध्ये स्वर वाकविणारे चाक आणि स्वर सरकविण्याची सोय होती. तथापि चित्रपटसंगीतात या वाद्याचा उपयोग प्रामुख्याने नव्या नादवैचित्र्यासाठी झाला. रागसंगीताच्या दृष्टीने त्याची कसोटी लागायची होती.

३. चरणजित सिंग यांचा प्रयोग

ही कसोटी मुंबईतील वादक चरणजित सिंग (१९४०–२०१५) यांनी घेतली. चित्रपटांच्या वाद्यवृंदात त्यांनी अनेक वर्षे काम केले होते. रोलँड या जपानी कंपनीची तीन यंत्रे त्यांनी वापरली : ज्युपिटर-८ सिंथेसायझर, टीआर-८०८ तालयंत्र आणि टीबी-३०३ खर्जयंत्र. ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही त्यांची ध्वनिमुद्रिका १९८२ मध्ये ध्वनिमुद्रित झाली. भैरवी, ललत, भूप, तोडी, यमन, मालकंस इत्यादी दहा राग तिच्यात आहेत.

टीबी-३०३ हे यंत्र एकट्या गिटारवादकाला खर्जाची साथ मिळावी म्हणून बनविलेले होते. ते एका वेळी एकच स्वर वाजवीत असे. परंतु एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरण्याची सोय त्यात होती. निर्मात्याच्या दृष्टीने हे साधे वैशिष्ट्य होते. एकस्वरी परंपरेत वाढलेल्या भारतीय वादकाच्या हाती तेच रागाच्या चलनाला पोषक ठरले. सिंग यांच्या रचनांत खालचा षड्ज सतत घुमत राहतो आणि त्याच्या आधाराने राग उलगडत जातो. ही तंबोऱ्याचीच रचना होय. कारखान्याने ठरवून दिलेला उपयोग बाजूला सारून वादकाने यंत्राला आपल्या संगीताचे काम कसे करावयास लावले, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

त्या काळी या ध्वनिमुद्रिकेला फारसा प्रतिसाद मिळाला नाही. १९८७ मध्ये शिकागोतील ‘फ्यूचर’ या गटाने त्याच टीबी-३०३ यंत्रावर ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ ही रचना काढली आणि ‘अ‍ॅसिड हाउस’ ही नृत्यसंगीताची शैली जगभर पसरली. डच संग्राहक एडो बाउमन यांनी सिंग यांची ध्वनिमुद्रिका २०१० मध्ये पुनःप्रकाशित केल्यावर पाश्चात्त्य समीक्षकांना मुंबईतील हे काम पाच वर्षे आधीचे असल्याचे उमगले. तथापि सिंग यांचे महत्त्व केवळ ‘पहिला कोण’ या प्रश्नापुरते मर्यादित करणे योग्य होणार नाही. श्रुतींच्या दीर्घ वादात त्यांनी दिलेले उत्तर अधिक मोलाचे आहे.

४. तंबोऱ्याची जागा घेणारे यंत्र

सिंथेसायझरपेक्षाही खोलवर पोहोचलेले विद्युत्-वाद्य म्हणजे इलेक्ट्रॉनिक तंबोरा. बंगळुरूचे अभियंते व बासरीवादक जी. राज नारायण यांनी १९७०च्या दशकात या क्षेत्रात आरंभीचे काम केले. पुढील दोन दशकांत इलेक्ट्रॉनिक तंबोरा व तालयंत्र महाराष्ट्रातील संगीतवर्गांत आणि घरोघरच्या रियाजात स्थिरावले. जेथे साथीदार मिळणे दुर्लभ, अशा तालुक्याच्या गावी शिकणाऱ्या विद्यार्थ्याला या यंत्रांनी फार मोठा आधार दिला, हे नाकारता येणार नाही.

त्याचबरोबर एक कौशल्य मागे पडले. चार तारा जुळविणे, जवारीचा दोरा सरकवून नाद खुलविणे यांतून विद्यार्थ्याचा कान घडत असे. बटण दाबताच सुरू होणारा षड्ज ते शिक्षण देत नाही. सतार-तंबोऱ्यांच्या निर्मितीची मिरजेतील परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चालत आलेली आहे. तेथील सतार व तंबोरा यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. वाद्याचा असा गौरव होत असताना ते जुळविणारे कान मात्र विरळ होत चालले आहेत, ही विसंगती संगीत-अध्यापकांनी लक्षात घेण्याजोगी आहे.

५. मिडी, कीबोर्ड आणि जिल्ह्याचा रंगमंच

१९८३ मध्ये ‘मिडी’ ही संकेतप्रणाली अस्तित्वात आली. निरनिराळ्या कंपन्यांची वाद्ये तिच्यामुळे परस्परांशी जोडता येऊ लागली. या प्रणालीत स्वर हा ० ते १२७ यांपैकी एक क्रमांक असतो. स्वर वाकविण्याची आज्ञा देता येते. पण ती एका वाहिनीवरील सर्व स्वरांना एकदमच लागू होते. दोन स्वर दाबून धरले असता एकावरच मींड घेणे यामुळे सहजी शक्य नव्हते. पेटीतील बारा स्वरांची चौकट अशा रीतीने जागतिक मानक बनली. १९९२ मध्ये स्वरस्थाने बदलण्याची तरतूद मिडीत झाली, तरी ती सामान्य वादकापर्यंत क्वचितच पोहोचली.

ग्रामीण रंगमंचावर आलेली वाद्ये याच चौकटीतील होती. ऑक्टोपॅड १९८५ मध्ये रोलँडने बाजारात आणला. रबरी गाद्यांवर काठीने आघात केला की त्यातून अनेक तालवाद्यांचे नाद निघतात. बँजो पार्टीतील ‘बँजो’ हा वस्तुतः बुलबुलतरंग. त्याला ध्वनिग्राहक जोडून विजेवर चालविण्यात आले. पुढे यामाहा व कॅसिओ यांनी तबला, सतार इत्यादींचे नाद आणि भारतीय ठेके भरलेले कीबोर्ड खास भारतासाठी तयार केले.

संगमनेर हे तमाशाचे महत्त्वाचे केंद्र. ज्येष्ठ कलावती कांताबाई सातारकर यांचे २०२१ मध्ये तेथेच निधन झाले. चित्रपटगीतांची वाढती मागणी हे तमाशात कीबोर्ड येण्याचे प्रमुख कारण होय. प्रेक्षकांना गीत पडद्यावर ऐकले तसेच हवे असते. तेवढा वाद्यवृंद बाळगणे फडमालकाला परवडत नाही. एक कीबोर्ड अनेक वादकांची जागा भरून काढतो. या हिशेबाचा दुसरा अर्थ असा, की तेवढ्या वादकांची बिदागी थांबते. ढोलकीचे स्थान मात्र अबाधित राहिले. ढोलकीवादक नर्तकीच्या पावलांकडे पाहून लय चढवितो व उतरवितो; यंत्रात भरलेल्या ठेक्याला नर्तकी दिसत नाही. जेथे वाद्याने केवळ नाद पुरवायचा होता तेथे यंत्र टिकले, जेथे प्रतिसाद द्यायचा होता तेथे माणूस टिकला.

६. मोबाइल अ‍ॅप : प्रश्नाचे नवे रूप

२००८ मध्ये आयफोनचे अ‍ॅप स्टोअर सुरू झाले आणि तंबोरा व तबला खिशात मावू लागले. ‘आयतबला प्रो’सारख्या अ‍ॅपमध्ये पट्टी व लय हवी तशी ठेवता येते. २०१८ मध्ये मिडीला जोडून ‘एमपीई’ हे मानक स्वीकारले गेले. प्रत्येक बोटाचा स्वर त्यामुळे स्वतंत्रपणे वाकविता येऊ लागला. ‘जिओश्रेड’ या अ‍ॅपमध्ये काचेवर बोट सरकवून अखंड मींड घेता येते. महेश राघवन यांनी आयपॅडवर त्याच्या साहाय्याने कर्नाटक संगीत सादर केले आहे. दुसरीकडे ठाण्याचे डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची हार्मोनियम सिद्ध करून देवल-क्लेमेंट्स यांचा प्रश्न पुन्हा हाती घेतला. शंभर वर्षांपूर्वी धातूच्या पत्त्या घासून जे साधण्याचा प्रयत्न झाला, ते आज तांत्रिकदृष्ट्या अवघड राहिलेले नाही. तरीही बहुसंख्य वादक कारखान्याने आधीच लावून दिलेले बारा स्वरच वापरतात. तंत्राची अडचण दूर झाल्यावर उरते ती शिक्षणाची अडचण.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते, की विद्युत्-वाद्यांनी श्रुतीचा प्रश्न निर्माण केला नाही आणि सोडविलाही नाही. त्यांनी स्वरनिर्णयाचे स्थान बदलले. तो निर्णय गुरूच्या कानाकडून पेटी बनविणाऱ्याकडे आणि तेथून दूरदेशीच्या अभियंत्याकडे गेला. चरणजित सिंग यांच्यासारख्यांनी तो स्वतःच्या हाती परत घेतला. त्यासाठी यंत्राची ओळख जितकी आवश्यक होती, तितकीच रागाचीही.

दुसरा मुद्दा साधनांच्या जतनाचा आहे. अहमदाबादच्या फिती एका संस्थेमुळे वाचल्या, मुंबईची ध्वनिमुद्रिका एका परदेशी संग्राहकामुळे उजेडात आली. तमाशाच्या फडांतील पहिले कीबोर्ड कोणी आणले, ते कोणत्या पट्टीत व कसे वाजविले गेले, कोणत्या वादकांचे काम त्यामुळे सुटले, याची नोंद करणारी तितकीच भक्कम व्यवस्था ग्रामीण भागात उभी राहणे आवश्यक आहे. हा अनुभव घेतलेली पिढी आज वार्धक्याकडे झुकली आहे. जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या इतिहास, मराठी आणि भौतिकशास्त्र विभागांनी एकत्र येऊन या कलावंतांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित केल्यास, जुनी वाद्ये जपल्यास आणि विद्यार्थ्यांना ४०० व ३८६ सेंटमधील फरक प्रत्यक्ष ऐकविल्यास हा इतिहास हाती राहील. चौदा सेंटचा हा फरक कागदावर नगण्य वाटतो. परंतु तो ओळखणारा श्रोता शिल्लक राहिला नाही, तर त्यावरील शतकभराचा वाद केवळ ग्रंथांत उरेल.