चाळीस शिलिंगांची पैज

अंतर दुप्पट केलं की गुरुत्वाकर्षण निम्मं होत नाही, एक चतुर्थांश होतं. तिप्पट केलं की एक नवमांश. हे सूत्र आपण सगळ्यांनीच शाळेत घोकलंय आणि नोकरी लागल्यावर विसरलोय. पण छेदातल्या त्या 'वर्गा'वरून केवढं भांडण झालं होतं, हे आमच्या पुस्तकात कुठेच नव्हतं.

तर झालं असं. जानेवारी १६८४, लंडन. रॉयल सोसायटीतले तिघं गप्पा मारत होते: रॉबर्ट हूक, एडमंड हॅली (हो, तोच धूमकेतूवाला) आणि सेंट पॉल कॅथेड्रलचा वास्तुविशारद ख्रिस्तोफर रेन. सूर्याची ओढ अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होत असावी, असं तिघांनाही वाटत होतं. पण अशी ओढ असेल तर ग्रह लंबवर्तुळातच फिरतील, हे गणिताने दाखवायचं कसं? हूक म्हणाला, माझ्याकडे सिद्धता आहे, पण इतरांनी आधी डोकं खाजवावं म्हणून इतक्यात दाखवणार नाही. रेनने दोन महिन्यांची मुदत दिली, आणि बक्षीस चाळीस शिलिंगांचं पुस्तक. मुदत संपली, कुणीच काही आणलं नाही.

ऑगस्टमध्ये हॅली थेट केंब्रिजला न्यूटनकडे गेला. न्यूटनचं उत्तर तयार: लंबवर्तुळ. कशावरून? मी गणित केलंय! पण कागद काही सापडेना. ('माझ्या मशीनवर तर चालतंय' याचा हा पूर्वज :) ) मात्र नोव्हेंबरमध्ये त्याने खरोखरच नऊ पानं पाठवली, आणि त्यातून १६८७ मध्ये 'प्रिन्सिपिया' उभं राहिलं. सोसायटीचे पैसे माशांवरच्या एका जाडजूड ग्रंथात अडकले होते, म्हणून छपाईचा खर्च हॅलीने स्वतःच्या खिशातून केला. वर सोसायटीने त्याला पगारापोटी त्याच माशांच्या पुस्तकाच्या प्रती दिल्या!

पुस्तकाचं काम चालू असतानाच, १६८६ मध्ये, हूक म्हणाला की वर्गाची कल्पना माझी आहे. त्यात तथ्यही होतं. १६७९ च्या अखेरीस त्यानेच न्यूटनला पत्र लिहून सुचवलं होतं की ग्रहाची सरळ रेषेतली गती आणि मध्याकडची ओढ, असे दोन भाग करून बघा. जानेवारी १६८० च्या पत्रात तर वर्गाचा नियमही स्पष्ट आहे. न्यूटनचं म्हणणं, हे मी १६६० च्या दशकातच काढलं होतं. तो इतका भडकला की तिसरा भाग छापतच नाही म्हणाला. हॅलीने कशीबशी समजूत काढली.

माझं मत? ओढ 'वर्गाने' कमी होते असं म्हणणं आणि ते दाखवणं यात फार अंतर आहे. चंद्र पृथ्वीच्या केंद्रापासून सुमारे ६० त्रिज्या दूर, म्हणजे तिथे ओढ ६० गुणिले ६०, ३६०० पट कमी हवी. इथे दगड पहिल्या सेकंदात ४.९ मीटर पडतो. चंद्र सरळ रेषा सोडून पृथ्वीकडे सेकंदाला १.३६ मिलिमीटर 'पडतो'. भागून बघा. न्यूटनने तरुणपणी गणित केलं तेव्हा पृथ्वीचा आकार लहान धरल्यामुळे उत्तर ४००० च्या वर गेलं होतं. पुढे फ्रेंचांनी केलेली नवी मोजणी वापरल्यावर ते जुळलं.

तरीही मला हूकचं वाईट वाटतं. १६६२ पासून सोसायटीच्या सभांमध्ये प्रयोग करून दाखवणं ही त्याची नोकरी होती. सारखं काहीतरी नवीन हवं! आठवड्याला डेमो देणाऱ्या माणसाने एका प्रश्नावर दीड-दोन वर्षं बसायचं कधी? न्यूटनला ती सवड होती. आपल्याकडेही मीटिंगमध्ये पहिल्यांदा दिशा दाखवणारा एक आणि ते बांधून उभं करणारा दुसरा असतो. श्रेय बांधणाऱ्याला मिळणं रास्तच आहे, पण पहिल्याचं नाव घ्यायला काय जातं?

न्यूटनने हूकचे बरेचसे उल्लेख हस्तलिखितातून काढून टाकले. १६८० च्या दशकातला हा वाद दोघांपैकी एकाच्या मृत्यूनेच थांबला. १७०३ मध्ये हूक वारला, आणि त्याच वर्षी न्यूटन सोसायटीचा अध्यक्ष झाला. हूकचं त्याच्या हयातीत काढलेलं, सर्वमान्य असं एकही चित्र आज उपलब्ध नाही.

असो. पुढच्या वेळी ते सूत्र दिसलं, तर छेदातल्या त्या छोट्याशा २ कडे बघून हूकची एकदा आठवण काढा.